ब्राउझर चूक सांगत नाही

प्रिय मित्रा,

वेबसाइट बनवायच्या ऑनलाइन कोर्सला नाव घातलंस, बरं केलंस. कोर्स ‘स्वयम’ या सरकारी पोर्टलवरचा असो की कॉलेजने स्वतःच्या पोर्टलवर लावलेला, क्रम साधारण तोच असतो: आधी एचटीएमएल (पानाचा सांगाडा), मग सीएसएस (त्याचं दिसणं) आणि शेवटी चिमूटभर जावास्क्रिप्ट (पानाची हालचाल). व्हिडिओत सर टॅग, म्हणजे ब्राउझरला कुठे काय आहे ते सांगणारी कंसातली खूण, लिहितात आणि पान दिसतं. तू तोच टॅग लिहितोस आणि दिसतं कोरं पान. असं का झालं, हे व्हिडिओ सांगत नाही आणि संगणकही सांगत नाही. हे पत्र त्या कोऱ्या पानासाठी आहे.

ब्राउझर स्वभावाने फार सोशिक असतो. टिम बर्नर्स-ली यांनी 1990-91 च्या सुमारास सर्न या प्रयोगशाळेत तयार केलेलं जगातलं पहिलं वेब पान आजच्या क्रोममध्येही उघडतं. त्यात नेक्स्टआयडी नावाचा एक टॅग आहे, आज त्याला कोणी विचारत नाही. ब्राउझर तो गपचूप बाजूला ठेवतो आणि बाकीचं पान दाखवतो. न कळलेलं सोडून द्यायचं आणि पुढे जायचं, ही त्याची पद्धत. त्यामुळे पस्तीस वर्षांपूर्वीची पानं टिकली, पण नवशिक्याचे हाल झाले. टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर स्वतःच अंदाजाने बंद करतो. परिच्छेदाच्या टॅगमध्ये डिव्ह (डब्याचा टॅग) घातलास तर तो परिच्छेद तिथेच संपवून टाकतो. तुला वाटतं आपलं बरोबर आहे, आणि तीन आठवड्यांनी सीएसएस लागू पडत नाही म्हणून तू डोकं धरून बसतोस. म्हणून टॅग पाठ करण्यापेक्षा मुकी चूक शोधायची सवय आधी लाव.

पहिली मुकी चूक पहिल्याच दिवशी भेटते. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा लपवून ठेवतं. नोटपॅडमध्ये तू ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ म्हणून सेव्ह करतोस, प्रत्यक्षात ती बऱ्याचदा होते ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’. ब्राउझरमध्ये उघडलीस की टॅग जसेच्या तसे छापलेले दिसतात. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून फाइल नेम एक्स्टेन्शन्स दाखवायला सांग आणि ती खूण पुन्हा कधी काढू नकोस. नोटपॅडही सोड, फुकट मिळणारा व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर घे. त्यात सुटी फाइल उघडायची नाही, पूर्ण फोल्डर उघडायचा. वर फाइलच्या नावाशेजारी छोटा गोल ठिपका दिसला तर फाइल सेव्ह झालेली नाही. ‘मी बदल केला पण दिसतच नाही’ या तक्रारीत निम्म्या वेळा तो ठिपकाच असतो. उरलेल्या वेळी बहुधा ब्राउझरने जुनी प्रत धरून ठेवलेली असते; कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबलं की नवी येते.

सरावाला एखादी खरी गोष्ट घे. कोपऱ्यावरच्या खानावळीचं पान घेऊ: नाव, वेळ, थाळीचे दर, दोन फोटो, फोन नंबर. एक फोल्डर कर, त्यात इंडेक्स फाइल, एक स्टाइलची फाइल आणि ‘फोटो’ नावाचा आतला फोल्डर. सगळ्या फाइल-फोल्डरांची नावं रोमन लिपीत, छोट्या लिपीत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता ठेव. दोन शब्द जोडायचे तर मधली आडवी रेघ (हायफन) वापर. हे नुसतं शिस्तीसाठी नाही. विंडोजला मोठा टी आणि छोटा टी सारखाच. तुझ्या थाळीच्या फोटोचं नाव मोठ्या टीने सुरू होतं आणि कोडमध्ये तू छोटा लिहिलास तरी घरच्या लॅपटॉपवर थाळी दिसते. गिटहब पेजेसवर (पान फुकट इंटरनेटवर ठेवायची सेवा) चढवलंस की थाळी गायब, कारण तिथे ती दोन वेगळी नावं धरली जातात. मोबाइलमधून आलेल्या फोटोंचं जेपीजी बऱ्याचदा मोठ्या लिपीत असतं, तिथेही हेच.

दुसरा घोटाळा पत्त्याचा. फोटोचा पत्ता म्हणून कधीही सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण रस्ता चिकटवू नकोस. तो रस्ता फक्त तुझ्या लॅपटॉपवर आहे, तपासणाऱ्या बाईंच्या लॅपटॉपवर नाही. इंडेक्स फाइल जिथे बसली आहे तिथून मोजायचं: फोटो फोल्डर, तिरकी रेघ, फाइलचं नाव. बस. एक पायरी वर जायचं असेल तर दोन टिंबं आणि तिरकी रेघ. चित्र दिसलं नाही की एफ12 दाब, नेटवर्कच्या टॅबमध्ये जा, पान पुन्हा लोड कर. ज्या लाल ओळीपुढे 404 (‘सापडलं नाही’) किंवा, फाइल घरच्याच लॅपटॉपवर उघडली असेल तर, ‘फेल्ड’ असं काही आहे, तिच्यावर क्लिक केलंस की ब्राउझरने कुठला पत्ता शोधला ते दिसतं. तो आपल्या पत्त्याशी अक्षर-अक्षर ताडून बघ.

आता मराठी मजकुराबद्दल जरा सविस्तर, कारण कोर्समध्ये बहुतेक उदाहरणं इंग्रजीत असतात आणि हे कोणी शिकवत नाही. हेडमध्ये, म्हणजे पानावर न दिसणाऱ्या सुरुवातीच्या भागात, अगदी वर कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 असल्याची ओळ हवी. ती फाइलच्या पहिल्या 1024 बाइटांच्या आत असावी लागते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. ही ओळ नसली आणि ब्राउझरने जुनी युरोपी लिपी समजून वाचलं, तर प्रत्येक चिन्हाचे तीन तुकडे होऊन डोक्यावर टिकल्या असलेली परकी अक्षरं दिसतात. तो कचरा दिसला की फाँट बदलत बसू नकोस, ती एक ओळ तपास.

कचऱ्याचा दुसरा प्रकार वेगळा. खानावळवाल्यांनी दरपत्रक कुठल्या तरी डीटीपीवाल्याकडून करून घेतलेलं असतं, ते श्रीलिपी किंवा कृतिदेव या फाँटात. त्यात दिसायला मराठी असतं, आत साठवलेली असतात भलतीच अक्षरं आणि चिन्हं. पानावर पेस्ट केलंस की खिचडी. ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्यावं लागतं. मजकूर दहा-पंधरा ओळींचा असेल तर सरळ पुन्हा टाइप कर, बदलून आलेल्या मजकुरातले रफार आणि जोडाक्षरं तपासण्यापेक्षा ते लवकर होतं.

एचटीएमएलच्या सुरुवातीच्या टॅगवर भाषा ‘एमआर’ लिही. नमुन्यात ‘ईएन’ असतं आणि सगळे ते तसंच ठेवतात. मग आंधळ्या माणसासाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला भाषा चुकीची कळते. शिवाय काही देवनागरी फाँटांत ल आणि श यांची मराठी वळणाची रूपं वेगळी साठवलेली असतात, ती भाषा मराठी सांगितल्यावरच बाहेर येतात. सीएसएसमध्ये ओळींची उंची 1.6 ते 1.7 ठेव, इंग्रजीला चालणाऱ्या 1.2 मध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आणि शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग देऊ नकोस. एक पिक्सेल दिलास तरी शिरोरेषा जागोजागी तुटते, शब्दाची कवळी खिळखिळी झाल्यासारखी दिसते.

सीएसएस तर एचटीएमएलपेक्षाही अबोल. रंगाच्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिला तर ती ओळ जातेच, शिवाय तिच्या खालचीही जाते, कारण ब्राउझर दोन्ही मिळून एकच निरर्थक वाक्य समजतो. तू मात्र खालच्या ओळीतली चूक शोधत बसतोस. लागू न पडलेल्या नियमाच्या वरची ओळ आधी बघायची, हे हाताला लावून घे. एफ12 मधल्या एलिमेंट्स टॅबमध्ये उजवीकडे तुझे नियम दिसतात. ज्यावर काट मारलेली आहे तो हरलेला नियम. का हरला? बहुधा त्याला टक्कर देणारा दुसरा नियम जास्त वजनाचा असतो: क्लासपेक्षा (टॅगांच्या गटाला दिलेलं नाव) आयडी (एकाच टॅगचं खास नाव) भारी, साध्या टॅगपेक्षा क्लास भारी. इथे ‘इम्पॉर्टंट’ लिहून जबरदस्ती करायचा मोह होईल. एकदा केलीस की पुढच्या नियमालाही ती करावी लागते. दिसण्याचं सगळं काम क्लासवरच ठेव, म्हणजे ही मारामारीच होत नाही.

एक हिशोब कागदावर करून बघ. पानावरच्या एका डब्याची (चौकटीची) रुंदी 300 पिक्सेल लिहिलीस, आतली मोकळी जागा दोन्ही बाजूंना 20-20, कडा 1-1. डबा प्रत्यक्षात भरतो 342 पिक्सेल. म्हणून 600 च्या ओळीत दोन डबे मावत नाहीत आणि रॅप (न मावलेलं पुढच्या ओळीत नेणं) चालू असेल तर दुसरा खाली घसरतो. स्टाइल फाइलच्या पहिल्याच नियमात सगळ्यांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स दे, की 300 म्हणजे 300.

मोबाइलवर पान मुंगीएवढं दिसत असेल तर हेडमध्ये व्ह्यूपोर्टची ओळ नाही. ती नसली की फोन पान 980 पिक्सेल रुंद धरतो आणि आक्रसून दाखवतो. फोटो बारा मेगापिक्सेलचा, 4000 बाय 3000, तसाच चढवू नकोस. रुंदी 1200 वर आण, फाइल दोनशे केबीच्या आसपास बसते. खानावळीचा दर बघायला कोणी चार एमबी डेटा जाळणार नाही.

जावास्क्रिप्टबद्दल थोडक्यात, कारण पहिल्या कोर्समध्ये ती जेमतेम तोंडओळखीपुरती येते. ती निदान बोलते. एफ12 मधल्या कन्सोल टॅबमध्ये लाल ओळ येते आणि तिच्या टोकाला फाइलचं नाव व ओळीचा आकडा असतो; आधी तो वाच. ‘नल’ हा शब्द दिसला तर बहुधा स्क्रिप्ट पान तयार व्हायच्या आधी धावली आहे, ती वेगळ्या फाइलमध्ये ठेव आणि तिच्या टॅगमध्ये ‘डिफर’ घाल. आणि इनपुटच्या चौकटीतून येणारा आकडा आकडा नसतो, अक्षरं असतात: 5 अधिक 7 केलंस की 57 येतात. आधी नंबर करून घ्यायचं. फॉर्मचंही लक्षात ठेव: नाव-नंबर भरून बटण दाबलं की माहिती कुठेतरी पोचते असं वाटतं. पलीकडे ती घेणारा सर्व्हर नसेल तर ती कुठेच जात नाही आणि गिटहब पेजेसवर असा सर्व्हर नसतो.

व्हिडिओ वीस मिनिटांचा असेल तर टायपिंगला तासभर धर. कॉपी-पेस्ट नको, एआयकडून आयता कोड तर पहिल्या महिन्यात नकोच. तो कोड बहुतेक वेळा चालतो, आणि तीच अडचण आहे. न मोडलेल्या कोडमधून चूक शोधायला शिकता येत नाही. तू लिहिलेल्या कोडची एखादी ओळ समजावून मागायला मात्र हरकत नाही. प्रश्न विचारायचा झाला, एआयला असो वा माणसाला, तर मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नकोस. नवी फाइल घे, बिघाड टिकेल इतकंच ठेवून बाकी कोड छाटत जा. पंधरा ओळींपर्यंत आलास की बऱ्याचदा विचारायची गरजच उरत नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा व्हॅलिडेटर (पानातल्या चुका तपासणारी साइट) फुकट आहे, दर असाइनमेंटला त्यात पान टाक. पंधरा चुका दाखवल्या तर फक्त पहिली दुरुस्त करून पुन्हा टाक, बऱ्याचदा एका बंद न केलेल्या टॅगची पिलावळ असते ती. डब्ल्यूथ्रीस्कूल्स या शिकवणाऱ्या साइटचा या संस्थेशी संबंध नाही, नाव तेवढं सारखं. बारकाईने वाचायचं तर एमडीएन ही मोझिलाची संदर्भ साइट वाच.

डोमेन (साइटचं स्वतःचं नाव) विकत घ्यायची घाई नको, दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे जातात.

असाइनमेंट देण्याआधी झिप फाइल डाउनलोड्ससारख्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये सोडव आणि तिथून पान उघड. पत्ते चुकले असतील तर बऱ्याचदा इथेच उघडे पडतात. मग गिटहबवर चढव, इंडेक्स फाइल सगळ्यात बाहेरच्या पातळीवर ठेव, काही मिनिटं थांब. स्वतःच्या मोबाइलचं वायफाय बंद करून लिंक उघड. मराठी नीट दिसतंय का, थाळी दिसतेय का, पान आडवं सरकत नाही ना, ते बघ. शेवटी खानावळीच्या फोन नंबरवर बोट ठेव. नंबर भरलेला डायलर उघडला तर सबमिट कर. नाही उघडला तर लिंकच्या पत्त्यात ‘टेल’ आणि विसर्गासारखी दोन टिंबं लिहायची राहिली आहेत.

तुझा,
एक जुना वेबवाला