'उत्स्फूर्त' अभिक्रिया की 'स्वयंस्फूर्त'?

मुक्त ऊर्जेतील (अभिक्रियेतून कामाला लावता येणाऱ्या ऊर्जेतील) बदल ऋण आला की ती अभिक्रिया आपोआप घडू शकते; इंग्रजीत तिला 'स्पॉन्टेनियस' म्हणतात. मराठीत अशा अभिक्रियेला 'उत्स्फूर्त' म्हणावे की 'स्वयंस्फूर्त', आणि 'मुक्त' म्हणजे कशापासून मुक्त, अशी विचारणा आहे.

दोन्ही विशेषणांत 'स्फुर्' हा एकच संस्कृत धातू आहे. मराठीत मात्र 'उत्स्फूर्त' म्हटले की पूर्वतयारीवाचून केलेले भाषण किंवा श्रोत्यांनी तत्क्षणी दिलेली दाद आठवते. म्हणजे या शब्दाला तात्काळपणा चिकटलेला आहे, आणि रसायनशास्त्राला नेमका तोच नको आहे.

चुन्याचे उदाहरण घेऊ. मुक्त ऊर्जेतील बदल काढताना एन्थाल्पीतील (स्थिर दाबाखाली घेतल्या-दिलेल्या उष्णतेचा हिशेब ठेवणाऱ्या राशीतील) बदलातून केल्व्हिनमधील तापमान आणि एन्ट्रॉपीतील (ऊर्जा किती विखुरली आहे याच्या मापातील) बदल यांचा गुणाकार वजा करतात. चुनखडीपासून कळीचा चुना होताना एन्थाल्पी मोलमागे सुमारे १७८ किलोज्यूलने आणि एन्ट्रॉपी केल्व्हिनमागे सुमारे १६० ज्यूलने वाढते. २९८ केल्व्हिनला वजा होणारा गुणाकार जेमतेम ४८ किलोज्यूल भरतो (येथे ज्यूलचे किलोज्यूल करायला विसरणे ही नेहमीची चूक), म्हणून उत्तर सुमारे १३० किलोज्यूल, म्हणजे धन येते. हे दोन्ही बदल तापमानानुसार फारसे पालटत नाहीत असे धरले, तर सुमारे १,११० केल्व्हिनच्या, म्हणजे ८४० अंश सेल्सिअसच्या आसपास चिन्ह उलटते. चुन्याची भट्टी एवढी तापवावी लागते ती यासाठीच.

आता उलट वाट पाहा. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो फसफसून विरतो. तेथे 'उत्स्फूर्त' अगदी शोभतो. पण विरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, तेव्हाही प्रमाण (तुलनेसाठी ठरवून दिलेल्या) स्थितीत मुक्त ऊर्जा सुमारे ७३ किलोज्यूलने घटते, आणि तरीही जाड चुनेगच्ची भिंतीच्या गाभ्यापर्यंत हा बदल पोचायला वर्षानुवर्षे लागतात. गणिताला दिशा कळते, वेग कळत नाही.

म्हणून संज्ञा म्हणून मी 'स्वयंस्फूर्त' पसंत करतो, कारण त्यातील 'स्वयं' हे पद बाहेरून रेटा लागत नाही एवढेच सांगते. स्पष्टीकरणात 'आपोआप घडू शकणारी' असे लिहावे, आणि त्यातील 'शकणारी' गाळू नये. बदल धन आला तर 'अशक्य' हा शब्द टाळावा. भट्टी तापवली की तीच अभिक्रिया शक्य होते.

'मुक्त'चे उत्तर सोपे आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८८२ मध्ये 'मुक्त' आणि 'बद्ध' अशी ऊर्जेची जोडी मांडली: कामाला लावता येते ती मुक्त, एन्ट्रॉपीपायी अडकून पडते ती बद्ध. गुंतवलेले पैसे वेगळे आणि हाताशी मोकळे असलेले वेगळे, तसेच हे. आंतरराष्ट्रीय परिभाषेत वरच्या गणितातील मुक्त ऊर्जेला आता 'मुक्त' गाळून नुसते 'गिब्ज ऊर्जा' म्हणण्याची शिफारस आहे; मराठीत मात्र 'बद्ध' हा जोडीदार सांगितला, तर 'मुक्त' ठेवायला माझी हरकत नाही.