नॅरोबोटची पहिली सहल: लॉकमध्ये घाई नको

मित्रांसह वेल्समधील लँगोलेन कालव्यावर पहिल्यांदाच नॅरोबोट (कालव्यांसाठीची लांब, अरुंद बोट) घेऊन जाणार आहात, हे तुमच्या पत्रात वाचून मनापासून आनंद झाला. वेगमर्यादा ताशी 4 मैलांची, म्हणजे साधारण 6 किलोमीटरची असल्यामुळे दिवसाला पाच-सहा तासांहून अधिक प्रवास आखू नका, आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून आणखी सावकाश जा.

सर्वांत धोकादायक चूक लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यात, खाली उतरताना होते: पाणी ओसरत असताना बोट मागे सरकली, तर तिचा मागचा भाग वरच्या दरवाजालगतच्या उंबरठ्यावर अडकून ती कलंडू शकते, म्हणून ती पुढेच ठेवा आणि पाणी सोडणाऱ्याने बोटीवरून नजर हलवू नये.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. हे तासाभरात हाताला उमजते. 1805 साली खुला झालेला पॉन्टकसल्टे जलसेतू (दरीवरून कालवा नेणारा पूल) मात्र सकाळच्या शांततेत ओलांडा.