'पोरं डोक्यावर बसतील' म्हणून शिक्षकी सोडू?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरवासितेसाठी, म्हणजे शिकवण्याच्या सरावासाठी, जिल्हा परिषद शाळेत चौथीचा वर्ग मिळाला. ऊसतोडीहून परतलेला एक मुलगा हजेरीलाही तोंड उघडत नव्हता. खिचडीच्या सुट्टीत मी त्याच्याशेजारी बसले, फडातलं विचारलं. मोळी कशी बांधतात ते त्याने हातवारे करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोळ्यांवरच वजाबाकी घेतली, तर फळ्यापाशी पहिला तोच. पण वर्गाचे गुरुजी म्हणाले, "मॅडम, एवढा लळा लावू नका, पोरं डोक्यावर बसतात." माझा स्वभाव मऊच आहे. बँकेच्या परीक्षा द्याव्यात का?

उत्तर : बँकेत जायचं असेल तर खुशाल जा, पण या कारणासाठी नको.

गुरुजींवर रागावू नकोस. दोन-दोन वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्याला धाक सोयीचा वाटतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. छडी गेली, पण तिच्या जागी काय आणायचं हे अनेकांना कुणी शिकवलंच नाही. तू जे केलंस ते लाड नव्हेत. अर्धं वर्ष बुडालेल्या पोराला काय येतं ते तू शोधलंस आणि गणित तिथून सुरू केलंस. माझ्याकडे येणारी मुलं 'गणित आवडत नाही' म्हणतात. जरा खोदलं की बऱ्याचदा गणिताचे सर निघतात!

मऊ स्वभावात एक खोट मात्र असते, एकाच मुलात जीव गुंततो. बाकीची पोरं ते लगेच हेरतात. म्हणून रोज हजेरी घेताना दोन नावांवर थांब. "काय रे, शेळी व्याली का?" एवढंच विचार. महिन्याभरात सगळा वर्ग विचारून होतो. वही अपुरी असेल तर लाडक्याचीही परत कर. पैसे देणं, एकट्या मुलाला खोलीवर बोलावणं टाळ. घरी मारहाण होते असं कुणी सांगितलं तर 'कुणाला सांगणार नाही' असं कबूल करू नकोस. मुख्याध्यापकांना सांग, १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

आता नोकरीचं. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, १५० गुणांची, त्यात ३० गुण बालमानसशास्त्राचे. तो भाग वाचताना हाच मुलगा डोळ्यासमोर ठेव. नुसत्या टीईटीने भागत नाही, निवड टेट या वेगळ्या अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर, पवित्र पोर्टल या शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून होते. लागलीस तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी मानधनावर, महिना १६ हजार मानधन. बँकेशी तुलना करायची तर या आकड्याची कर, स्वभावाची नको.

दिवाळीच्या सुमाराला त्याचे आईवडील पुन्हा कारखान्यावर निघतील. त्याला आजीजवळ ठेवून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात घेता येईल का, ते मुख्याध्यापकांना आत्ताच विचार. तोवर तुझी आंतरवासिता संपलेली असेल. म्हणून मोळ्यांची गोष्ट त्या गुरुजींनाच नीट सांगून ठेव.