वाचकांचे प्रश्न : बुलेटचं ऑइल आणि शहाबादी फरशी

प्रश्न : वडिलांची १९७६ची बुलेट ३५० आहे. ते गेल्यापासून मी सांभाळतो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बाहेर काढतो. अंगणात ती उभी असते तिथं शहाबादी फरशीवर ऑइलचा मोठा डाग पडतो. काढायच्या आधी ऑइल मोजायची काडी बघतो, कमी दिसतं म्हणून दर वेळी पाव लिटर टाकतो, तरी गळतंच. दोनदा पॅकिंग बदललं, सिलिकॉन लावून घेतलं. आता गॅरेजवाले म्हणतात, पूर्ण इंजिन खोलावं लागेल. आई म्हणते, विकून टाक. काय करू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : विकू नका. आणि इंजिनही इतक्यात खोलू नका. आधी ते पाव लिटर टाकणं बंद करा.

या जुन्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या इंजिनाच्या बुलेटचं ऑइल खाली चेंबरमध्ये भरलेलं नसतं. क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टननं फिरणारा क्रँक ज्यात बसतो त्या खालच्या पेटीच्या मागच्या अंगाला ऑइलची टाकी त्याच ओतकामात केलेली आहे, आणि काडी दाखवते ती फक्त त्या टाकीतली पातळी. एक पंप तिथून इंजिनला ऑइल देतो, दुसरा ते परत टाकीत आणतो. परत आणणारा मुद्दाम मोठा ठेवलाय, म्हणजे क्रँकखाली ऑइल साचत नाही. पण गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीतलं ऑइल देणाऱ्या पंपातून झिरपत क्रँककडे उतरतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो, तेव्हा ऑइल पातळ होऊन आणखी लवकर उतरतं. काडी कोरडी दिसते खरी, पण ऑइल इंजिनातच असतं. तुम्ही वरून पाव लिटर ओतता. मग किक मारली की खालचं सगळं टाकीत परत येतं, टाकीत मावत नाही, आणि जादा ऑइल वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. गाडी सुरू झाल्यावर मिनिटभर सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, एवढं बघा. येत असेल तर बहुधा हीच गोष्ट आहे.

काडी बघायची ती गाडी फिरवून आणल्यावर. सपाट जागी मेन स्टँडवर लावा, दोन-चार मिनिटं थांबा, मग बघा. वरच्या खुणेच्या वर असेल तर जादाचं काढून टाका. देणाऱ्या पंपाची डिस्क झिजली असेल तर ती बारीक पेस्टनं घासून बसवून घेता येते, पण ते जाणत्या मिस्त्रीचं काम आहे. दर आठवड्याला गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवलीत तर कदाचित त्याची गरजही पडणार नाही.

दुसरी गोष्ट ब्रीदर. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबली जाते. ती बाहेर जायला नळी आहे आणि तिच्या तोंडाशी बदकाच्या चोचीसारखं रबर. हवा बाहेर जाऊ द्यायची, आत येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. उन्हानं आणि ऑइलनं हे रबर कडक होतं, चोच चिकटून बसते. मग आतला दाब पॅकिंगमधून वाट काढतो आणि आपण पॅकिंगला दोष देत बसतो. रबर बोटांनी दाबून बघा. मऊ नसेल तर बदला, किरकोळ किमतीला मिळतं. पॅकिंगला हात लावायच्या आधी हे झालंच पाहिजे.

एवढं करूनही गळालं, तर ते नेमकं कुठून येतं ते शोधायचं. माझे वडील साखर पेठेत मागावर जॉबर होते, म्हणजे माग चालू ठेवणारे, दुरुस्त करणारे. चादरीवर तेलाचा एक थेंब पडला तरी ती चादर बाजूला काढत. ते कधी आधी पाना उचलत नसत. थेंब कुठून निघाला, कुठून कुठे ओघळला, हे बोटानं माग काढत वर जायचे. मी गॅरेज टाकलं तेव्हा हीच सवय कामी आली.

इंजिन रॉकेल आणि जुन्या टूथब्रशनं स्वच्छ करा, फडक्यानं पूर्ण कोरडं करा. मग अंगाला लावायची साधी पावडर ब्रशनं सगळीकडे उडवा. संभाजी तलावापर्यंत जाऊन या. आल्यावर टॉर्च घेऊन बसा आणि बघायला वरून सुरुवात करा, कारण ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागे जातं. पांढऱ्या पावडरीवर केसाएवढी काळी ओली रेघ दिसेल. तिचं वरचं टोक गाठा. फरशीवरचा डाग फार तर शेवटचा थेंब कुठून सुटला तेवढं सांगतो.

माझ्या अनुभवात रेघ बहुतेक वेळा दोन जागी सापडते. एक, उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या तळाशी असलेलं झाकण. ते मधल्या एकाच नटावर बसतं. गळालं की आवळ, परत गळालं की आणखी आवळ, असं करत करत कव्हर मध्ये दबतं आणि कडा उचलतात. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका गिऱ्हाइकाचं कव्हर असं वाकवलं होतं. माणूस पंढरपूरला निघाला होता, मोहोळपर्यंतही पोचला नाही. त्याचं वाईट अजून वाटतं. उपाय असा : जाड सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवा, थोडं ऑइल टाका आणि कव्हर आठच्या आकड्यात फिरवत घासा. आधी फक्त टोकं चमकतील. सगळी कड सारखी चमकली की थांबा. नवं पॅकिंग टाका, नट बेतानंच आवळा.

दुसरी जागा म्हणजे वर रॉकरकडे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाकडे जाणाऱ्या बारीक ऑइल पाइपचे बोल्ट. दोन्ही बाजूंना वॉशर असतात. तांब्याचे असतील तर जुना वॉशर कडक झालेला असतो. चिमट्यात धरून गॅसवर लाल होऊ द्या, गार करा, मऊ होतो आणि पुन्हा नीट बसतो. फायबरचे असतील तर सरळ नवे टाका.

आणि ते सिलिकॉन. जिथं पॅकिंगच्या कडेनं फुगून बाहेर आलंय, तिथं आतही तेवढंच फुगलेलं असणार. त्याचा तुकडा सुटून त्या बारीक पाइपात अडकला तर रॉकर कोरडा चालेल, आणि ते नुकसान गळतीच्या कितीतरी पट मोठं. कव्हर उघडलं की सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, धातूला ओरखडा पडू देऊ नका.

आईंना सांगा, फरशीवर ॲसिड टाकू नका. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिडनं खरवडल्यासारखा होतो. डागावर लाकडाचा भुसा रात्रभर दाबून ठेवा, सकाळी धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यानं घासा. दोन-तीनदा करावं लागेल.

प्रश्न : माझ्या जुन्या टू-स्ट्रोक येझदी मोटरसायकलचं गिअर ऑइल कमी होतं, पण खाली थेंबही दिसत नाही. धूर मात्र वाढलाय.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : प्रायमरी चेनच्या, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलंय. गिअर ऑइल इंजिनात ओढलं जाऊन जळतंय. क्लच उतरवून सील बदलून घ्या. पिस्टनला हात लावायची गरज नाही, कुणी सांगितलं तरी आधी सील बदलून बघा.