पहिल्या गाडीत पेट्रोल कोणतं टाकावं?

भाऊ, गाडीबद्दल अभिनंदन! पंपावरचा पोरगा काय म्हणतो ते राहू द्या, आधी गाडीसोबतचं पुस्तक उघडा. त्यात पेट्रोलचा ऑक्टेन आकडा दिलेला असतो; बऱ्याच गाड्यांत तो टाकीच्या झाकणाच्या आतही लिहिलेला असतो. ९१ लिहिलंय? मग साधं पेट्रोल पुरे. ९५ लिहिलं असेल तर मात्र त्याहून कमी ऑक्टेनचं भरून कंजुषी नको.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाने आणि उष्णतेने पेट्रोल आपोआप पेटू नये, ही त्याची क्षमता. म्हणूनच ॲव्हरेज वाढेल या आशेने साध्या इंजिनात १०० ऑक्टेन भरू नका. नवे लोक हेच करतात, पैसे जातात आणि हाती काही लागत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. मे महिना, पारा ४० च्या वर, एसी चालू, गाडीत पाच जण आणि कन्नडचा घाट तुम्ही चौथ्या गिअरवर चढताय. अशा वेळी इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, तर पेट्रोल आपोआप पेटतंय असं समजा. दुर्लक्ष करून रेडिओ मोठा करू नका!

- लगेच खालचा गिअर टाका, ॲक्सिलरेटर थोडा सोडा.
- आवाज थांबला नाही तर पुढच्या वेळी जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून बघा.
- तरीही येतोच? मेकॅनिकला दाखवा.

गाडी जुनी घेतली असेल तर ती ई१० ची (१० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली) की ई२० ची (२० टक्क्यांसाठी बनवलेली), हेही बघून ठेवा. आता पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. ई१० ची असेल तर सर्व्हिसिंगला इंधनाच्या रबरी नळ्या आवर्जून तपासून घ्या.