वाचकांचे प्रश्न : उजवा खांदा, डावा डोळा

प्रश्न : मी नोकरीनिमित्त अमेरिकेत आयोवा राज्यातील डी मॉइन येथे राहतो. यंदाच्या हंगामात सहकाऱ्यांबरोबर प्रथमच फेझंट या लांब शेपटीच्या रानपक्ष्याच्या शिकारीला जाणार असल्यामुळे तेथील सक्तीचा सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि हवेत उडवल्या जाणाऱ्या मातीच्या चकत्यांवर सराव सुरू केला. मी उजव्या हाताचा आहे, बंदूकही उजव्या खांद्याला लावतो; परंतु सरळ दूर जाणाऱ्या सोप्या चकत्यासुद्धा चुकतात आणि छरे डावीकडून निघून जातात. तुमचा डावा डोळा वरचढ असावा, असे प्रशिक्षक म्हणतात. याचा नेमका अर्थ काय? बंदूक बदलावी का?

उत्तर : बंदूक तूर्त बदलू नये, आधी डोळा तपासावा. आपण दोन्ही डोळ्यांनी पाहत असलो, तरी एखाद्या वस्तूची दिशा ठरवताना मेंदू बहुधा एका डोळ्याला झुकते माप देतो. सुमारे दोन तृतीयांश लोकांचा उजवा डोळा असा वरचढ असतो आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांचा डावा. हाताचे वळण आणि डोळ्याचे वळण जुळलेच पाहिजे असे नाही, आणि वरचढ डोळ्याची नजर दुसऱ्यापेक्षा तीक्ष्ण असतेच असेही नाही; त्यामुळे चष्म्याच्या क्रमांकावरून हा निर्णय करता येत नाही.

रायफलला पुढे-मागे अशी नेमाची दोन साधने असतात आणि ती जुळवायला वेळही मिळतो. छऱ्यांच्या बंदुकीला मात्र नळीच्या टोकावर केवळ एक बारीक माशी, म्हणजे नेमाचा मणी, असते. मागचे साधन म्हणजे नेमबाजाचा स्वतःचा डोळा. बंदूक उजव्या खांद्याला लागून गाल दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या तिच्या मागच्या भागावर, नीट टेकला की उजवा डोळा नळीच्या बरोबर मागे येतो. अशा वेळी ताबा डाव्या डोळ्याने घेतला, तर तो आपल्या जागेवरून माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणतो आणि नळीचे तोंड नकळत डावीकडे वळते. दोन डोळ्यांमधील अंतर सुमारे सहा सेंटीमीटर आणि डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर सुमारे ९० सेंटीमीटर धरून साधी भूमिती मांडली, तर ३० मीटरवर ही चूक जवळजवळ दोन मीटर भरते. तेवढ्या अंतरावर छऱ्यांच्या फैलावाचा उपयोगी भाग साधारण मीटरभरच रुंद असतो, तेव्हा लक्ष्य सुटणारच. व्यवहारात डावा डोळा प्रत्येक वेळी पूर्ण ताबा घेतोच असे नाही; म्हणूनच काही चकत्या फुटतात, काही फुटत नाहीत, आणि शिकणारा गोंधळून जातो.

तपासणी अगदी सोपी आहे. दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांच्या मध्ये लहानशी फट ठेवावी, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरची एखादी खूण पाहावी आणि ती नजरेआड होऊ न देता हात सावकाश चेहऱ्याकडे आणावेत. फट ज्या डोळ्यापाशी येईल, तो वरचढ. ही तपासणी वेगवेगळ्या दिवशी, थकलेले असतानाही करून पाहावी, कारण काहींच्या बाबतीत कौल स्पष्ट नसतो आणि थकव्याने किंवा वयाने तो बदलूही शकतो. साथीदाराच्या डोळ्यावर बंदूक रोखून करण्याची एक पद्धत अजूनही कोणी कोणी सांगतात. ती मला अजिबात मान्य नाही. बंदूक रिकामी असली तरी ती माणसावर रोखायची नसते, या नियमाला डोळ्याच्या तपासणीचा अपवाद नाही.

डावा डोळाच वरचढ ठरला, तर आपल्यासमोर तीन मार्ग आहेत. पहिला, बंदूक डाव्या खांद्याला लावायला शिकण्याचा. प्रारंभी ते अवघडल्यासारखे वाटते. पण आपल्या हाताला अजून जुनी सवय जडलेली नाही, म्हणून माझा कौल यालाच आहे. मात्र उजव्या हातासाठी बाक दिलेला दस्ता डाव्या गालाला बसत नाही आणि काही बंदुकांची रिकामी काडतुसे उजवीकडे, म्हणजे डाव्या खांद्याने नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्यासमोरून, उडतात. हे दुकानात किंवा क्लबात तपासून घ्यावे. दुसरा मार्ग, नेमबाजीच्या चष्म्याच्या डाव्या भिंगावर अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा लहान गोल तुकडा लावण्याचा. तो पूर्ण भिंगावर लावायचा नसून, रिकामी बंदूक खांद्याला लावल्यावर डाव्या डोळ्याला माशी दिसणार नाही एवढ्याच जागी लावायचा असतो. त्यामुळे बाजूचे दिसणे शाबूत राहते. तिसरा मार्ग डावा डोळा मिटण्याचा. त्याने नेम सुधारतो खरा, पण अंतराचा अंदाज आणि डावीकडचा देखावा दोन्ही कमी होतात, आणि रानात डावीकडे साथीदार व कुत्रे चालत असतात. मिटायचाच असेल, तर पक्षी हेरून बंदूक खांद्याला लागल्यानंतर, चाप ओढण्याच्या ऐन आधी मिटावा.

प्रश्न : (याच वाचकाकडून) नेम धरताना माशीकडे पाहावे की पक्ष्याकडे? आणि पक्ष्याच्या किती पुढे?

उत्तर : पक्ष्याकडेच, आणि तेही त्याच्या डोक्याकडे. नजर माशीवर आली की नळी थबकते आणि छरे मागे पडतात. नर फेझंटच्या एकूण लांबीपैकी निम्म्याच्या आसपास शेपटीच असते; नवशिका ‘संपूर्ण पक्ष्याच्या’ मध्यावर नेम धरतो आणि पिसे उडवून घरी येतो. मानेभोवतीचे पांढरे कडे ही नजर खिळवायला उत्तम खूण आहे, शिवाय तिच्यामुळे नर ओळखूही येतो. आयोवात केवळ नर मारण्याची परवानगी आहे, म्हणून चाप ओढण्यापूर्वी ही ओळख पटणे आवश्यकच आहे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने आडवा जाणारा पक्षी सेकंदाला सुमारे १७ मीटर कापतो. छऱ्यांना ३० मीटर जायला सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो, म्हणजे तेवढ्यात पक्षी दीड मीटरहून अधिक पुढे सरकलेला असतो. हे अंतर हवेत मोजत बसू नये. नळी पक्ष्याच्या मागून सुरू करावी, शेपटी, अंग, चोच अशी त्याच्याच वाटेने त्याच्यापेक्षा जलद न्यावी, चोचीपुढे मोकळे आकाश दिसताच चाप ओढावा आणि त्यानंतरही नळी थांबवू नये. कुत्र्यापुढून उठलेला फेझंट बहुधा दूर आणि वर जात असतो. तेथे पुढची आघाडी थोडी पुरते, पण नळी चढती ठेवावी लागते. पाखरू फडफडत उठताच गडबडीने बार काढू नये. पंधरा मीटरवर छऱ्यांचा फैलाव लहान असतो, त्यामुळे एकतर नेम चुकतो किंवा मांस वाया जाते. पक्ष्यामागे आकाश दिसत नसेल, तर बार करूच नये.

प्रश्न : माझी १५ वर्षांची मुलगी ट्रॅप नेमबाजी (यंत्राने फेकलेल्या, दूर जाणाऱ्या चकत्या टिपण्याचा प्रकार) शिकू लागली आहे. तिचा हात उजवा आणि डोळा डावा आहे. खांदा बदलावा का? — एक पालक, नाशिक

उत्तर : भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असली, तरी चकत्यांच्या नेमबाजीत डोळ्याचा हा प्रश्न तसाच्या तसा उभा राहतो; उलट अधिक जाचक ठरतो, कारण ट्रॅपची चकती अवघी ११ सेंटीमीटर व्यासाची असते आणि ती प्रत्येक क्षणाला दूर पळत असते. मुलगी नवीन आहे, तेव्हा खांदा आत्ताच बदलावा. ट्रॅपमध्ये चकती मागवण्यापूर्वीच बंदूक खांद्याला लावून ठेवता येत असल्याने डाव्या बाजूची बैठक जमवायला पुरेसा वेळ मिळतो. स्कीट या, दोन बाजूंनी आडव्या येणाऱ्या चकत्यांच्या प्रकारात, चकती दिसेपर्यंत दस्ता कमरेच्या पातळीवर ठेवावा लागतो, त्यामुळे तेथे हाच बदल जड गेला असता. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, रिकामी बंदूक डाव्या खांद्याला लावण्याचा सराव रोज थोडा वेळ करून घ्यावा आणि गाल दरवेळी दस्त्यावर त्याच जागी टेकतो आहे ना, एवढेच पाहावे. चष्म्यावर पट्टी लावायची वेळ आलीच, तर स्पर्धेच्या नियमांत ती कितपत चालते, हे आधी प्रशिक्षकांना विचारून घ्यावे.