पाचवा टास्क का तयार होत नाही?

प्रश्न : २० किलोबाइट रॅमच्या एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरवर फ्रीआरटीओएस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम चालवतो. हीप, म्हणजे टास्कना (स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामांना) वाटायची मेमरी, १७ किलोबाइट आहे. प्रत्येक टास्कच्या स्टॅकसाठी (त्याच्या तात्पुरत्या माहितीच्या मेमरीसाठी) १०२४ हा आकडा दिला आहे. चार टास्क तयार होतात, पाचवा होत नाही. असे का?

उत्तर : तुम्ही बाइट समजून दिलेला आकडा मूळ फ्रीआरटीओएस 'वर्ड' म्हणून वाचते. इथे एक वर्ड म्हणजे ४ बाइट, म्हणून प्रत्येक टास्क ४०९६ बाइट घेतो आणि चार टास्कमध्येच १६ किलोबाइट संपतात. शिल्लक राहते त्यात आयडल टास्कही (इतर काही काम नसताना चालणारा, फ्रीआरटीओएसचा स्वतःचा टास्क) मावेल की नाही, शंकाच. तो मावला नाही, तर शेड्युलर (कोणता टास्क कधी चालेल ते ठरवणारा भाग) सुरूच होत नाही.

आकडा २५६ करा आणि टास्क तयार करणाऱ्या 'एक्सटास्कक्रिएट' फंक्शनने परत दिलेली किंमत दरवेळी तपासा. हे टाळणे महागात पडते. मग सगळी कामे पूर्ण ताणाने चालवून 'यूएक्सटास्कगेटस्टॅकहायवॉटरमार्क' वाचा. स्टॅक कमीत कमी किती उरला होता, ते त्यातून कळते, तेही वर्डमध्येच. ३०-४० वर्ड उरत नसतील तर आकडा वाढवा. 'प्रिंटएफ' वापरणारा टास्क हमखास जास्त स्टॅक खातो, विशेषतः दशांश संख्या छापताना. चाचणीपुरती फ्रीआरटीओएसची स्टॅक-ओव्हरफ्लो (स्टॅक मर्यादेबाहेर जाणे) तपासणी पद्धत २ वर ठेवा. टास्क कधीच काढून टाकणार नसाल, तर हीप_१ (फ्रीआरटीओएसची, दिलेली मेमरी परत न घेणारी सर्वांत साधी हीप-पद्धत) पुरेसा आहे.